उघड्या पाइपाखाली

विक्रम दालनाच्या दारातच थबकला, तेव्हा शोभाताईंना वाटलं, फिनाइलचा वास लागला असेल. बाहेरून येणाऱ्यांना तो लागतोच. हुडकेश्वरच्या त्या वृद्धनिवासात खाली हिंडती-फिरती माणसं राहत, आणि वरच्या या लांबलचक दालनात अंथरुणाला खिळलेली. अशा जागी घाण वास येऊ न देणं हेच अर्धं काम असतं, आणि व्यवस्थापिका म्हणून आल्यापासून शोभाताईंनी ते काम कधी ढिलं पडू दिलं नव्हतं.

पण विक्रमचं वासाकडे लक्षच नव्हतं. तो वर पाहत होता.

विक्रम आग विझवण्याची यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. या दालनातले पाण्याचे फवारे त्याच्याच कंपनीने बसवले होते, शोभाताई इथे येण्याच्या बऱ्याच आधी. आता जानेवारीत तो तपासणीला आला होता. गेल्या खेपेला दुसरंच कोणी येऊन खालचा पंप चालू करून गेलं होतं. वर चढायची तसदी कोणी घेतली नव्हती.

"ताई, सीलिंग कुठं गेलं?" त्याने विचारलं.

"काढून टाकलं," शोभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

तो का होता, तेही सांगायला हवं. हा वरचा मजला संस्थेने मागाहून चढवलेला. भिंती विटांच्या, पण डोक्यावर स्लॅब नाही. लोखंडी पट्ट्यांच्या हलक्या कैच्या आणि त्यांवर पत्रा. पत्र्याखाली पांढऱ्या बोर्डाचं सपाट सीलिंग होतं. आता नागपूरचा उन्हाळा काढायचा तर कूलरशिवाय गत्यंतर नाही. मार्च सरता सरता खिडक्यांना माणसाएवढाले कूलर लागले की ते जून संपेपर्यंत घोंगावत राहतात. दालन थंड होतं, पण हवेत पाणीच पाणी. ते पाणी बोर्डाने पिऊन घेतलं. आधी डाग पडले, मग बुरशी धरली, मग बोर्ड म्हशीच्या पोटासारखे खाली आले, आणि एका दुपारी त्यातला एक तुकडा सत्यवतीबाईंच्या खाटेवर पायाशी येऊन आदळला. सत्यवतीबाई म्हणजे मूठभर हाडांची, लहान मुलासारखी हसणारी म्हातारी. तिला काही झालं नाही. पण शोभाताईंनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला आणि सगळं सीलिंग उतरवून घेतलं. आत दडलेले पाइप दिसले, तेव्हा सुताराच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, याला हातोड्याचा धक्का लागला तर याद राख. एकही जोड हलला नाही. पत्र्याजवळचे झरोके उघडे झाले, दमट हवा बाहेर जाऊ लागली, आणि गेला मे महिना दालनाने आधीच्या कुठल्याही मे महिन्यापेक्षा सुखात काढला.

तेव्हापासून ते नारिंगी रंगाचे पाइप कैच्यांना लटकत उघडेच होते. त्यांच्यातून खाली जागोजागी आखूड नळ्या उतरलेल्या, आणि नळीच्या टोकाला लाल काचेची गोळी असलेला फवारा. बाबारावांनी त्याला संत्र्याचा वेल असं नाव दिलं होतं. बाबाराव भिवापूरचे, मिरचीची शेती केलेले. कमरेखालचं अंग गेलं, तरी जिभेची धार तशीच होती. कोणी पाहुणा आला की ते वर बोट दाखवून सांगायचे, आमच्याकडे संत्री वरून लागतात, पण अजून पिकली नाहीत.

आणि जयवंताने त्या वेलाला मच्छरदाण्या बांधल्या होत्या. जयवंता ही वरची आया, दिवसपाळी संपली तरी अनेकदा रात्रपाळीही तीच करणारी. खाटांच्या कोपऱ्यांना बांधलेल्या काठ्या सारख्या निसटत, म्हणून तिने सुतळ्या थेट पाइपावरून टाकून घेतल्या होत्या. काम सोपं झालं होतं.

विक्रमने आधी त्या सुतळ्या सोडायला सांगितल्या. मग त्याने जयवंताकडे उदबत्ती मागितली. तिला वाटलं, याला देवाला लावायची आहे. तिने कोपऱ्यातल्या गणपतीपुढची पेटती उदबत्तीच आणून दिली. विक्रमने ती एका फवाऱ्याच्या बरोबर खाली धरली आणि म्हणाला, "बघा आता."

धुराची बारीक रेघ सरळ वर चढली. लाल गोळीला जेमतेम शिवली, पुढे गेली, नारिंगी पाइपाच्या दोन्ही बाजूंनी वर निघाली आणि पत्र्याला टेकून तिथे पसरली.

"ही गोळी तापली की फुटते आणि पाणी सुटतं," विक्रम म्हणाला. "पण तापायला गरम हवा तिच्याजवळ थांबली पाहिजे. सीलिंग होतं तेव्हा थांबत होती. ही गोळी सीलिंगला चिकटून होती ना. आता हवा थांबत नाही, वर जाते. म्हणजे आधी काय तापेल?"

"पत्रा," शोभाताई म्हणाल्या.

"आणि पत्र्याखाली?"

शोभाताई वर पाहत राहिल्या. त्यांना उत्तर कळलं होतं, पण ते तोंडातून काढायचं त्यांच्या जिवावर आलं.

"काहून गा बाबू," बाबाराव खाटेवरून म्हणाले, "पाइप तं पाण्यानं भरेल आहे ना? मग तो कसा जळंल?"

प्रश्न चांगला होता, आणि विक्रमने त्याचं उत्तरही नीट दिलं. हा पाइप प्लास्टिकचा आहे, पण न्हाणीघरातल्यासारखा नाही; आगीच्या कामासाठी मुद्दाम बनवलेला आहे, आणि अशा राहत्या जागी तो लावायला परवानगी आहे. आत कायम पाणी असल्यामुळे तो बराच वेळ टिकतोही. पण परवानगी एका अटीवर आहे. तो झाकलेला पाहिजे. खोली आणि पाइप यांच्यामध्ये न जळणारा बोर्ड पाहिजे. लोखंडाचा जाड पाइप उघडा टांगला तरी चालतो. तोच का नाही टांगला, तर या कैच्या हलक्या. जाड लोखंड, वर त्यातलं पाणी, एवढं वजन त्यांनी पेललं नसतं. म्हणून प्लास्टिक, आणि प्लास्टिक म्हणून सीलिंग. पाइपाला ते पांघरूण दिलेलं होतं. पांघरूण काढलं, तर गोळी फुटायच्या आधी पाइप मऊ पडेल, लोंबेल, कुठला तरी जोड सुटेल. पाणी येईल, पण एका कोपऱ्यात भदाभदा. ज्या खाटेला आग लागली असेल तिथे नाही.

सत्यवतीबाई तेवढी उदबत्तीचा वास छान आहे म्हणाली.

खाली कार्यालयात बसल्यावर शोभाताईंनी विचारलं, आता करायचं काय. विक्रम म्हणाला, दोनच रस्ते आहेत. एक तर छत बदलून लोखंडी पाइप घालायचा, ते तुम्हाला झेपणार नाही. दुसरा, ओल न धरणारा बोर्ड मिळतो, त्याचं सीलिंग पुन्हा करायचं, आणि दमट हवेला बाजूने वाट काढून द्यायची. साधारण महिन्याचं काम. पण दालन पूर्ण रिकामं पाहिजे. डोक्यावर खिळे ठोकत असताना खाली माणसं झोपवता येत नाहीत.

तो जायला उठला, तेव्हा म्हणाला की यंत्रणा ठीक असल्याच्या दाखल्यावर मी सही करू शकत नाही, आणि खरं म्हणजे हे अग्निशमन खात्याला कळवायला हवं. शोभाताई दारापर्यंत त्याच्या मागे गेल्या.

"कळवलं तर दालन बंद करतील. करू दे," त्या म्हणाल्या. "पण मग ही माणसं कुठं जातील ते आधी मला सांगा, आणि मग कळवा."

विक्रमने मोटारसायकलची किल्ली हातात फिरवली. उन्हाळ्याच्या आत करून घ्या ताई, एवढंच तो म्हणाला.

संस्थेचे अध्यक्ष बापूजी. कापडाचा जुना व्यापार, आता मुलगा पाहतो. बापूजी रोज सकाळी येऊन ओसरीवर बसतात आणि सगळ्यांशी दोन शब्द बोलून जातात. माणूस वाईट नाही. शोभाताईंनी त्यांना सगळं समजावलं, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे एका देणगीदाराला फोन लावला आणि बोर्डाचा प्रश्न मिटवून टाकला. पैशाचं माझ्यावर सोडा शोभाताई, तुम्ही माणसांचं बघा, ते म्हणाले. शोभाताईंना त्या दिवशी फार हलकं वाटलं. अवघड तेवढं झालं आणि सोपं तेवढं आपल्याकडे राहिलं, असा त्यांचा समज झाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरोघर फोन लावायला घेतले. एक महिना. फक्त एक महिना आपलं माणूस घरी न्या, आम्ही औषधं देतो, आया हवी असेल तर तीही बघून देतो. असं त्या सांगत. मग कारणं येत. कोणाच्या घरी मुलीची बारावी. कोणाचं घरच बांधायला काढलेलं. पुण्याच्या एका लेकीने खूप रडून सांगितलं की आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. ते खरंही असेल. एका सुनेने विचारलं, म्हणजे हळूहळू तुम्ही हाकलणारच म्हणा की. बाबारावांचा पुतण्या भिवापूरहून म्हणाला की सध्या मिरचीचा तोडा चालू आहे, अंगणापासून माजघरापर्यंत लाल गालिचा पसरला आहे, काकाले ठसका लागून जीव जाईल. बाबारावांना हे कळल्यावर ते म्हणाले, पोरगं खोटं नाही बोलत. त्या ठसक्यानं माही माय गेली.

एका घरची गाडी आली आणि आपल्या आईला घेऊन गेली. शोभाताईंनी त्या मुलाला हात जोडले. आठवडा झाला नाही तोच तीच गाडी परत आली. आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. कूस कशी बदलायची ते घरात कोणाला जमलं नव्हतं. मुलगा मान खाली घालून उभा होता. शोभाताईंनी त्याला एक शब्दही ऐकवला नाही. काय ऐकवणार? ज्याने प्रयत्न केला तो एवढा एकच होता.

शहरातल्या दुसऱ्या निवासांनाही त्यांनी विचारून पाहिलं. हिंडतं-फिरतं माणूस असेल तर पाठवा, असं जिकडे तिकडे उत्तर मिळालं.

फेब्रुवारी अर्धा सरला. दुपारचं ऊन चटका देऊ लागलं. मार्चअखेर कूलर लावावेच लागणार होते. मग शोभाताईंनी तोड काढली ती अशी: खालच्या जेवणघरात अर्ध्या खाटा मावतात. अर्धी माणसं खाली आणायची, हिंडत्या-फिरत्यांनी व्हरांड्यात जेवायचं, आणि रिकाम्या झालेल्या अर्ध्या दालनात काम सुरू करायचं. मध्ये वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा जाड पडदा. एक बाजू झाली की माणसांची अदलाबदल. विक्रमला हे पसंत नव्हतं, पण त्यालाही दुसरं सुचत नव्हतं. पडदा मात्र फटी न ठेवता चिकटवा, असं त्याने दहादा बजावलं.

खाली कोणाला न्यायचं आणि वर कोणाला ठेवायचं, हे शोभाताईंनी ज्याला त्याला विचारून ठरवलं. खाप्याचे नानाजी वरच राहतो म्हणाले. आयुष्यभर हातमागावर बसून विणलेला माणूस, छातीत कायम घरघर. जिन्यावरून उचलून नेताना त्यांना भोवळ येई. माले हलवू नका बाई, पडद्याच्या अलीकडं पडून राहीन, ते म्हणाले. दार त्यांच्याच बाजूला होतं, खिडक्या होत्या. शोभाताईंनी मानलं.

कामगारांनी नवी चौकट बसवायला घेतली. वर छिद्रं पाडली, बोर्ड कापले. पांढरी पूड उडाली. पडदा नीट चिकटवला होता; पण पडदा उभा होता कैच्यांपर्यंत, आणि कैच्यांच्या वर पत्र्यापर्यंतची पोकळी सबंध दालनाला एकच होती. पूड तिथून आली. कोणाच्या ध्यानातही आलं नाही इतकी बारीक, पिठासारखी. जयवंता रोज खाटांच्या दांड्या पुसायची आणि फडकं पांढरं झालेलं पाहून नवल करायची.

नानाजींचा श्वास एका सकाळी वर लागला. ऑक्सिजनचं मशीन लावलं, रुग्णवाहिका बोलावली, शोभाताई स्वतः सोबत गेल्या. दवाखान्यात नानाजींनी काही दिवस काढले आणि मग ते गेले. डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं मुळातच कापसाच्या तुसाने खाल्लेली होती. कशाचंही निमित्त झालं असतं.

नानाजींचा मुलगा अश्विन खाप्यात सायकलींचं दुकान चालवायचा. तेरवी आटोपल्यावर वडिलांचं सामान न्यायला आला. सामान म्हणजे एक पिशवी. ती घेऊन तो शोभाताईंसमोर बसला. चहा पुढे केला तर घेतला नाही.

"आग लागली होती का ताई?" त्याने विचारलं.

"नाही."

"लागून राहिली होती का? धूर-गिर?"

"नाही, अश्विन."

"मग काहून हात लावला?"

शोभाताईंकडे उत्तर होतं. उदबत्तीचा धूर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, पाइप, बोर्ड, लाल गोळी, सगळं त्यांना आता पाठ झालं होतं. ते सगळं सांगून शेवटी एवढंच निघत होतं की न लागलेल्या आगीपासून वाचवताना तुझा बाप गेला. अश्विन पिशवी उचलून निघून गेला. त्याने तक्रार केली नाही, कोर्टकचेरीची भाषा काढली नाही. तशी काढली असती तर शोभाताईंना भांडायला तरी काही मिळालं असतं.

संस्थेची बैठक झाली आणि काम थांबलं. बापूजी कोणावर चिडले नाहीत. ते म्हणाले, एवढी वर्षं इथं आग लागली नाही, पुढंही देव लागू देणार नाही. पण धुळीनं माणूस गेला हे आपण डोळ्यांनी पाहिलं. आता वर कोणी हात लावायचा नाही. शोभाताईंनी पुन्हा एकदा सगळं मांडून पाहिलं. मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की आपला आवाजच पडला आहे. पडद्याच्या वरची पोकळी ज्या बाईला दिसली नाही, तिच्या सांगण्यावर कोण आणि का विश्वास ठेवील? त्यांचा स्वतःचाही उरला नव्हता.

अर्धवट चौकट उतरवली गेली. खाटा पुन्हा वर गेल्या. दाखल्यासाठी बापूजींच्या मुलाने दुसरी कोणती तरी एजन्सी शोधली. त्यांच्या माणसाने खाली पंप चालू केला, सुई फिरलेली पाहिली, दोन फोटो काढले आणि कागद दिला. तो कागद दारात चौकटीत लागला. विक्रमला शोभाताईंनी फोन करून हे सांगितलं. कागदावर काय काय लिहिलं आहे, ते त्याने वाचून दाखवायला सांगितलं. मग म्हणाला, "मी कळवू का ताई? अजून सांगा."

शोभाताईंनी खिडकीतून व्हरांड्यात पाहिलं. सत्यवतीबाईला ऊन दाखवायला जयवंताने कडेवर घेऊन खाली आणलं होतं. "नका," त्या म्हणाल्या.

मार्चअखेर कूलर लागले, आणि लागलेच त्यांच्या तारा, त्यांचे पंप, भिंतीवर ओल धरणारी बटणं. शोभाताई रोज प्रत्येक तार हाताने चाचपून पाहत. गणपतीपुढची उदबत्ती त्यांनी बंद केली. पण एकेक गोष्ट बंद करत गेलं तरी किती करणार? तिथं गाद्या फोमच्या होत्या, ऑक्सिजनची मशीनं होती, उन्हाळा होता.

मग त्यांनी आणि जयवंताने एक गोष्ट करून पाहायची ठरवली. घोंगडी खाटेशेजारी अंथरायची, माणूस तिच्यावर घ्यायचा, आणि ओढत ओढत जिन्याने खाली न्यायचा. पाणी येणार नसेल तर आपण दोघींनीच काय ते करायचं. एका दुपारी दालनात सगळ्यांना सांगितलं की व्यायामाचा नवा प्रकार आहे. सत्यवतीबाई पहिली. ती घोंगडीवर बसून झोक्यावर बसल्यासारखी खिदळत खाली गेली आणि पुन्हा न्या म्हणाली. दोन-तीन हलकी माणसं अशीच गेली, तरी दोघींना धाप लागली. वर आणायला माळी आणि स्वयंपाकी बोलवावे लागले.

मग बाबारावांची पाळी आली. बाबाराव उंचपुरे, थोराड हाडापेराचे. पाय गेले तरी अंग ओसरलं नव्हतं. दोघींनी घोंगडीची टोकं धरून जोर लावला. घोंगडी निम्म्या दालनापर्यंत आली आणि तिथेच राहिली. जयवंताने कंबर धरली. बाबाराव पाठीवर पडल्या पडल्या पत्र्याकडे पाहत म्हणाले, "सोडून द्या वं बायाहो. तिखटाचं भरेल पोतं आहे हे, बैलाशिवाय हलत नाही."

दालनात हसू पिकलं. शोभाताईही हसल्या. नंतर त्या जिन्यात बसल्या, जयवंता खालच्या पायरीवर. जयवंताने पदराने मान पुसली. ती कधी आडवळणाने बोलत नसे.

"ताई, मी रात्री एकटी असतो वर. दोघी असलो तरी सगळ्याईले नाही नेता येत," ती म्हणाली. "आधी कोणाले न्यायचं ते तुम्ही सांगून ठेवा. त्या वक्ती मी नाही ठरवू शकत."

पुढच्या दोन-चार दिवसांत दालनातल्या खाटा हलू लागल्या. सत्यवतीबाई दाराशी आली. तिच्यामागे इतर हलकी माणसं. मधे त्याहून जड. कोणी विचारलं तर शोभाताई सांगत, कूलरचा वारा सगळ्यांना सारखा लागावा म्हणून. बाबारावांची खाट अगदी पलीकडच्या टोकाला, भिंतीच्या खिडकीखाली गेली. दालनात त्याहून दूरची जागा नव्हती.

बाबारावांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी शोभाताई त्यांची कूस बदलायला आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं.

"सत्यवतीले दाराजवळ काहून नेलं वं ताई?"

"तिला उजेड आवडतो."

"उजेड तं इकडं आहे. खिडकीत."

शोभाताईंनी त्यांच्या पाठीमागे उशी सारली. ती नीट बसली होती, तरी पुन्हा काढून पुन्हा सारली.

"हलकी आहे म्हणून ना?" बाबाराव म्हणाले.

शोभाताई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना नाही म्हणता आलं असतं. या माणसाने आयुष्यभर बाजारात मालाची प्रत नुसत्या हाताने ओळखली होती. नाही म्हणून काही साधलं नसतं.

"हो," त्या म्हणाल्या.

बाबारावांनी मान हलवली. गाडीत माल भरताना कोणता आधी आणि कोणता मागून हे कोणाला तरी ठरवावंच लागतं, आणि ठरवणाऱ्यावर सगळ्यांची नजर असते, असं काहीसं ते बोलले. मग म्हणाले, "बरोबर लावल्या आहेस. फक्त कोणाले सांगू नको. झोप उडंल लोकाईची."

"आणि तुमची?"

"माही तं आताच उडाली. तू गेली की झोपतो."

त्या उठल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. पाठीमागे बाबारावांनी डोळे मिटले होते की नाही, हे त्यांनी वळून पाहिलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर नानाजींच्या रिकाम्या जागेवर नवं माणूस आलं. सौरव नावाचा मुलगा वडिलांना घेऊन आला होता. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. रुग्णवाहिकेतून उतरवताना माळ्याला आणखी दोघांना हाक मारावी लागली. सौरव सारखा बोलत होता: बाबा शांत आहेत, कोणाला त्रास देत नाहीत, इथली स्वच्छता पाहून आम्हाला फार बरं वाटलं, आणि दारात दाखलाही लावलेला पाहिला, म्हणजे आता काळजी नाही.

शोभाताई स्ट्रेचरजवळ उभ्या होत्या. नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्यांची नजर त्याच्या खांद्यांवरून, पोटावरून, चादरीबाहेर आलेल्या जाडजूड पोटऱ्यांवरून फिरली. हे आपण काय करतो आहोत, ते त्यांना कळलं. तरी नजर मागे घेता आली नाही.

"यांना कुठं ठेवणार?" सौरवने विचारलं.

"पलीकडे," शोभाताई म्हणाल्या. "बाबारावांच्या शेजारी. खिडकी आहे तिथं."

स्ट्रेचर सबंध दालन पार करून गेलं. दाराशी सत्यवतीबाईने येणाऱ्याला हात हलवून दाखवला. खिडकीखाली बाबारावांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली, नव्या माणसाकडे पाहिलं, मग शोभाताईंकडे.

"या गा," ते त्या माणसाला म्हणाले. "इकडं हवा चांगली लागते."